बंद आणि सांगता

दिवाळीच्या अंकात शेवटाविषयी लिहावयाचे म्हणजे सणासुदीला नको तो विषय काढण्यासारखे आहे, असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतील. पण वाचकहो, आपल्या दिवाळीचा शेवट तरी नेमका कोठे होतो? भाऊबीज झाली तरी आकाशकंदील उतरत नाही, कारण तुळशीचे लग्न व्हावयाचे असते. ते लागले की त्रिपुरी पौर्णिमेला पुन्हा पणत्या निघतात. सण या दिवशी या घटकेला संपला, असे बोट ठेवून कोणाला दाखवता येत नाही. फराळाचे डबे रिकामे होतात आणि मुले वह्या-पुस्तके शोधू लागतात, तेव्हा केव्हातरी तो संपलेला असतो. आपल्या या सवयीवरूनच एका परक्या शब्दाची थोडी तपासणी करावी, असा माझा विचार आहे.

तो शब्द म्हणजे ‘क्लोजर’. अलीकडे तो फार ऐकू येतो. घराचे कर्ज फिटले की बँक ‘क्लोजर’चे पत्र देते. तपास थांबला की पोलीस ‘क्लोजर रिपोर्ट’ धाडतात. कारखाना कायमचा थांबला की त्याचे ‘क्लोजर’ झाले म्हणतात. कॉलेजातील मुलामुलींची मैत्री तुटली की त्यांना ‘क्लोजर’ हवे असते, आणि घरात मृत्यू झाला तर तेराव्याला आलेली मंडळी, “आता तुम्हांला क्लोजर मिळायला हवं,” असे कळवळ्याने सांगून जातात. हा शब्द आता पुस्तक-परीक्षणांतही शिरला आहे. ‘कथानक बरे आहे, पण क्लोजर नाही’ असे एक वाक्य लिहिले की परीक्षकाचे काम झाले. मी मालाडच्या एका लहान शाळेत मराठी शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. माझे शिक्षण जुन्या भाषेत सांगावयाचे तर मॅट्रिकपुरते. त्यामुळे असा भारदस्त शब्द समोर आला की त्याच्यापुढे मान तुकवण्याआधी तो कोठून आला आणि काय काय करतो, हे पाहण्याची मला सवय आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिन. बंद करणे, अडसर घालणे हा त्याचा धात्वर्थ. कुंपण, कोट, बंदिस्त जागा हे त्याचे जुने अर्थ. राजकारणात तो नावारूपाला आला तो ब्रिटिश पार्लमेंटमध्ये. १८८१ च्या ३१ जानेवारीला सुरू झालेली कॉमन्स सभेची बैठक पार्नेलच्या आयरिश सभासदांनी भाषणांवर भाषणे करून एक्केचाळीस तास लांबवली. शेवटी २ फेब्रुवारीच्या सकाळी सभापती ब्रँड यांनी स्वतःच्या जबाबदारीवर चर्चा तोडली आणि मत घेतले. पुढच्याच वर्षी त्यासाठी नियम झाला. चर्चा पुरी झाली, सर्वांचे बोलून झाले, असा त्या नियमाचा अर्थ नव्हता. आता बोलणे पुरे, एवढाच तो अर्थ होता. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गणितात हाच शब्द अगदी निरुपद्रवी आहे. दोन नैसर्गिक संख्यांची बेरीज केली तर उत्तर पुन्हा नैसर्गिक संख्याच येते. बेरीज घराबाहेर पडत नाही. पाचांतून आठ वजा केले की मात्र उंबरठा ओलांडावा लागतो. जर्मनीतील मानसशास्त्रज्ञांनी १९२० च्या सुमारास हा शब्द दृष्टीला लावला. थोडी फट राहिलेले वर्तुळ डोळा पुरे वर्तुळ म्हणून पाहतो. उरलेली रेघ मन काढते. बर्लिनमधील ब्लूमा झायगार्निक या विदुषीने १९२७ साली दाखवले की हातावेगळ्या झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामे माणसाला अधिक आठवतात. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हा शब्द दुःखाला चिकटला. शोकालाही एक दार असते, ते योग्य वेळी लावता येते आणि लावावे, असा त्या नव्या वापराचा गर्भितार्थ आहे.

म्हणजे कुंपण, चर्चाबंदी, बेरीज, वर्तुळ, कारखाना आणि काळीज या सगळ्यांना एकच शब्द. इंग्रजीची ही काटकसर कौतुकाची खरी. पण अशा काटकसरीत कोणाचे तरी नुकसान होते.

मराठीत या जागी एक शब्द शोधू लागले तर मिळत नाही, आणि ही मराठीची गरिबी नव्हे. आपल्याकडे भांडण मिटते आणि फूलही मिटते. मिटलेले फूल उमलते हे भाषेला ठाऊक आहे. वाण्याने रात्री फळ्या लावल्या की तो दुकान ‘वाढवतो’. बांगडी फुटली की ती ‘वाढवते’. नारळ फोडला तरी तो ‘वाढवला’. देवापुढचा दिवा विझवायचा नसतो, शांत करावयाचा असतो. घरातून निघणारी लेक ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणते. गणपतीला बुडवले असे कोणी म्हणणार नाही. त्याचे विसर्जन होते, आणि विसर्जनात सृज् हा निर्माण करण्याचा, मोकळे सोडण्याचा धातू आहे. व्रताचे उद्यापन होते. सप्ताहाची सांगता होते. गवयाची मैफल भैरवीने संपते. संगीत नाटकाच्या आरंभी नांदी आणि अखेरीस भरतवाक्य. यांतील प्रत्येक शेवटात काहीतरी पुढे चालू राहिल्याची कबुली आहे.

याउलट शब्दही मराठीत आहेत, आणि ते तितकेच स्पष्ट आहेत. निकाल लावणे. सोक्षमोक्ष लावणे. टाळे ठोकणे. तोंड बंद करणे. कचेरीतील कागद दप्तरी दाखल करणे. हे सगळे शेवट कोणीतरी ‘लावलेले’ आहेत. त्यांत लावणारा एक असतो आणि सोसणारा दुसरा असतो. मराठीचा कान या दोन कुळांची गल्लत सहसा करीत नाही. मी सोयीसाठी पहिल्या कुळाला ‘सांगता’ म्हणते आणि दुसऱ्याला ‘बंद’. ‘क्लोजर’ हा शब्द ही दोन्ही कुळे एका नावाखाली आणतो. मग ज्याने बंद केले तोच सांगता झाल्याची द्वाही फिरवू शकतो. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाही.

पोलिसांच्या कागदांतच पाहा. महाराष्ट्रात तपास संपवताना ‘समरी’चे वर्ग करतात. गुन्हा खोटा, आकसाने नोंदवलेला ठरला तर ‘ब’ समरी. गुन्हा खराही नव्हे आणि खोटाही नव्हे, समजुतीचा घोटाळा किंवा दिवाणी स्वरूपाचा वाद, तर ‘क’ समरी. आणि गुन्हा खरा घडला, पण करणारा सापडला नाही, तर ‘अ’ समरी. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला कचेरी सांगते की तुझे म्हणणे खरे आहे, आणि म्हणून आम्ही कागद मिटवीत आहोत. व्यवहाराला हे करावे लागत असेल. परंतु याला त्या गृहस्थाच्या बाजूने शेवट म्हणता येईल काय?

गिरणगावाचे उदाहरण याहून मोठे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. योगायोग असा की त्याच १९८२ साली संसदेने औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती करून ‘क्लोजर’ची व्याख्या घातली. कामाची जागा किंवा तिचा काही भाग कायमचा बंद करणे, एवढीच ती व्याख्या. मालकाने तात्पुरते दार लावले तर टाळेबंदी, कायमचे लावले तर क्लोजर. व्याख्येत दार आहे, जागा आहे. दाराबाहेर उभा असलेला माणूस नाही. त्याच्यासाठी नुकसानभरपाईची निराळी कलमे होती, ती कागदावर होती. संपाचे काय झाले? एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, चिमण्या पाडल्या गेल्या, त्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. पण संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. गिरण्यांना बंद मिळाला, संपाला सांगता मिळाली नाही.

हे नेमके ओळखले ते एका नाटककाराने. जयंत पवार यांच्या १९९७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाचे नावच ‘अधांतर’. संपानंतरच्या गिरणगावातील एका कामगार कुटुंबाची ती कथा आहे. बेकार मुलगे, हातातोंडाची गाठ घालणारी आई, एकमेकांवर खेकसत एकाच खोलीत राहणारी माणसे. या नाटकाने संप बरोबर होता की चूक, याचा निवाडा देऊन पडदा पाडला असता तर प्रेक्षक मोकळ्या मनाने घरी गेले असते. पवारांनी तो मोह टाळला. जमिनीवर पाय नाहीत आणि आकाशही मिळाले नाही, ती अवस्था त्यांनी जशीच्या तशी उभी केली. ‘क्लोजर नाही’ हा शेरा या नाटकावर मारता येईल, आणि तो अक्षरशः खरा ठरेल. पण त्यात दोष नाटकाचा नाही. ज्यांना सांगता मिळाली नाही त्यांच्या वतीने खोटी सांगता करण्यास त्या नाटकाने नकार दिला, आणि तीच त्याची सचोटी आहे.

आता आमच्या मालाडचेच घ्या. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली येथे बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ उभारला. दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन, छायाचित्रकार योझेफ विर्शिंग अशी जर्मन मंडळी तेथे काम करीत होती. या स्टुडिओचा ‘अछूत कन्या’ हा १९३६ सालचा बोलपट. त्यातील कस्तुरी ही रेल्वेच्या फाटकावर राखण करणाऱ्या दलित माणसाची मुलगी, आणि प्रताप हा ब्राह्मणाचा मुलगा. बालपणापासूनचा स्नेह, पण लग्न अशक्य. दोघांची लग्ने दुसरीकडे लागतात. संशय आणि कुचाळक्या यांनी आग पेटते, आणि शेवटी रुळांवर जुंपलेल्या माणसांना वाचवण्यासाठी धावत्या गाडीला आडवी जाऊन कस्तुरी प्राण देते. ही हकीकत सांगितली जाते ती फाटकाशी अडलेल्या एका जोडप्याला, तिच्या स्मरणार्थ बांधलेल्या लहानशा देवळापाशी.

त्या काळी असा विषय पडद्यावर आणणे धैर्याचे होते, हे मान्य केलेच पाहिजे. देविका राणी आणि अशोक कुमार यांच्या त्या जोडीने आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला वेड लावले होते. पण शेवट तपासून पाहा. कथेने विचारलेला प्रश्न असा, की या दोघांना एका गावात, एका घरात का राहता येऊ नये? उत्तर द्यावयाच्या जागी मुलगी मरते आणि तिचे देऊळ होते. जिवंतपणी जिला उंबरठ्याआत येऊ द्यावयाचे नव्हते, तिला मेल्यावर हात जोडावयास कोणाची हरकत नसते. ‘समाप्त’ची पाटी आली, डोळे पुसले गेले, आणि प्रश्नाचे फाटक होते तसेच बंद राहिले. ज्या १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील आपले न झालेले भाषण छापून प्रसिद्ध केले, त्याच साली हा बोलपट आला. एकाने प्रश्न उघडा ठेवून समाजाला अस्वस्थ केले, दुसऱ्याने अश्रू देऊन शांत केले. कलाकृतीतील ‘बंद’ कसा असतो, याचा हा उत्तम नमुना मला वाटतो.

त्या स्टुडिओचा स्वतःचा शेवटही असाच झाला. १९३९ साली महायुद्ध पेटताच जर्मन मंडळी स्थानबद्ध झाली. १९४० साली हिमांशु राय वारले. १९४३ च्या ‘किस्मत’ने कलकत्त्याच्या एका चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक मुक्काम केला, तरी घरात भांडणे होतीच. १९४५ साली देविका राणी निघून गेल्या. १९४९ चा ‘महल’ येऊन गेला. अखेरच्या दिवसांत कामगारांनी सहकारी संस्था काढून ‘बादबान’ हा चित्रपट तयार केला. तो १९५४ साली आला, आणि त्याच साली स्टुडिओ बंद पडला. बादबान म्हणजे शीड. बुडत्या गलबतावर त्यांनी शीड उभारले, याहून अधिक काय सांगावे? आज त्या आवारात लहान कारखाने आणि गाळे आहेत. बॉम्बे टॉकीज हे नाव आता पत्त्यापुरते उरले आहे.

यावर कोणी म्हणेल, मग मरणाने होणारे सगळेच शेवट तुम्ही बाद करणार काय? मुळीच नाही. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ पाहा. ते १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि लेखक त्याच वर्षीच्या जानेवारीत, त्याचा प्रयोग पाहण्याआधीच, वारला होता. सिंधू मरते, सुधाकर विषाचा प्याला घेतो. दोन प्रेते आणि एक पडदा. वरवर पाहता याहून बंद शेवट दुसरा नाही. पण ‘एकच’ या शब्दाची फसवणूक पहिल्या अंकापासून चालू आहे. प्रत्येक प्याला एकच म्हणून घेतलेला आणि पुढच्याला बोलावणारा. खऱ्या अर्थाने एकच ठरतो तो शेवटचा, विषाचा. शब्द जेथून निघाला तेथेच, अर्थाने भरून परत येतो. आपल्या नाट्यशास्त्रात पाच संधी सांगितले आहेत, आणि शेवटच्या संधीचे नाव ‘निर्वहण’ आहे. वह् म्हणजे वाहून नेणे. उचललेले ओझे मुक्कामापर्यंत नेणे. आपण साध्या बोलण्यात ‘तडीस नेणे’ म्हणतो, तेच. ‘एकच प्याला’ तडीस जाते. ‘अछूत कन्या’ मध्येच नाव सोडून काठावर देऊळ बांधते.

आणि गडकऱ्यांचेच ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले, तरी त्यावर मराठी रसिकांनी जीव टाकला. झायगार्निकबाईंचे बर्लिनमधील प्रयोग आपल्याकडे कोणी वाचले नव्हते. पण अपुरे मनात अधिक घर करते, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक होते.

हरिभाऊ आपट्यांची यमू विधवा होते, तिचे केशवपन होते, ती मरते. ‘करमणूक’मधून क्रमशः आलेल्या त्या कादंबरीचे कथानक संपते, पण पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या हातात जे मुखपृष्ठ येते त्यावर प्रश्न आहे : ‘पण लक्षात कोण घेतो?’ या नावाने हरिभाऊंनी पुस्तकाला दार ठेवलेच नाही. १८९३ साली पुस्तकरूपाने आलेला तो प्रश्न अजून कोणाला दप्तरी दाखल करता आलेला नाही.

तेंडुलकरांच्या १९६७ सालच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये तर शेवट लावणारी माणसेच रंगमंचावर आहेत. नाटकमंडळी वेळ घालवण्यासाठी खोटा खटला मांडतात. आरोपी लीला बेणारे, एक शिक्षिका. खेळता खेळता तिचे खाजगी आयुष्य फाडले जाते, न्यायासनावरून निवाडा दिला जातो, आणि लगेच सगळे पूर्ववत हसू-बोलू लागतात. हा तर खेळ होता, असे तिला समजावतात. त्यांच्या लेखी प्रकरण संपले. बेणारे मात्र निश्चल पडलेली आहे, आणि साधाभोळा सामंत एक हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो. त्या पोपटाने काही सुटत नाही. पण निवाडा देणाऱ्यांचा शेवट आणि सोसणारीचा शेवट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे तो दाखवून देतो. मी स्वतः शिक्षिका आहे, म्हणून ते दृश्य मला अधिक लागते असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

मग सांगता कशी असते? घराघरांत असलेले पुस्तक घेऊ : ‘श्यामची आई’. आई जाते तेव्हा श्याम जवळ नसतो. तो पोहोचतो तेव्हा सारे होऊन गेलेले असते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर त्याला ‘क्लोजर’ मिळाले नाही. शेवटचा शब्द नाही, शेवटचे दर्शन नाही. मग तो काय करतो? आश्रमातील सवंगड्यांना रात्रीमागून रात्र आईच्या गोष्टी सांगतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहावयास घेतले, आणि त्यात बेचाळीस रात्री आल्या. गोष्ट आईच्या चितेपाशी थांबत नाही. अखेरच्या रात्रीचे नाव आहे ‘आईचे स्मृतिश्राद्ध’. श्राद्ध हा विधी एकदाच करून मोकळे होण्याचा नाही. तो दर वर्षी येतो.

‘सांगता’ या शब्दात स आणि अंग आहेत : सर्व अंगांसह, कोणतेही अंग न वगळता. व्याकरणकार हा ‘सांग’ आणि बोलण्यातला ‘सांग’ निराळे ठरवतील, आणि ते बरोबरच असतील. पण मराठी कानाला दोन्ही एकच ऐकू येतात, आणि त्या योगायोगात मला मोठे शहाणपण दिसते. दुःख सर्व अंगांनी सांगून झाले म्हणजेच त्याची सांगता होते. ऐकणाऱ्याने घड्याळाकडे पाहिले की त्याचा बंद होतो.

हा केवळ पुस्तकांचा प्रश्न नाही. आमच्या शेजारी एक बाई राहतात. त्यांचे यजमान एका सकाळी कामावर गेले ते परत आलेच नाहीत. सात वर्षे कोणाची खबर नसेल तर तो माणूस मरण पावला असे धरावे, असे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या अधिनियमातही आहे. व्यवहारासाठी हे रास्तच आहे. खाते, खोली, मुलांचे शिक्षण यांना थांबता येत नाही. त्या बाईंनी कागदांवर सह्या केल्या. पण कुंकू लावणे त्यांनी सोडले नाही, आणि कोणी ‘क्लोजर’ची गोष्ट काढली की त्या उठून चहा ठेवतात. अमेरिकेतील पॉलिन बॉस या विदुषीने युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून आरंभ करून असल्या दुःखाचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि आपल्या अलीकडच्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी ‘क्लोजर’ला मिथ्यकथा म्हटले आहे. ज्या देशाने हा शब्द काळजाला लावला, त्याच देशातून ही साक्ष आली, हे विशेष.

आता दुसरी बाजू. वाचकाला शेवट हवा असतो, आणि ती मागणी गैर नाही. फ्रँक करमोड या इंग्रज समीक्षकाने १९६७ सालच्या आपल्या पुस्तकात घड्याळाचे साधे उदाहरण दिले आहे. घड्याळाचे दोन्ही आवाज सारखेच. पण आपण एकाला ‘टिक्’ म्हणतो, दुसऱ्याला ‘टॉक्’, आणि दुसऱ्यात शेवट ऐकतो. शेवट ऐकल्याशिवाय माणसाला काळात राहता येत नाही. म्हणूनच हल्ली ‘मुक्त शेवट’ म्हणून जे खपते त्याबद्दलही सावध असावे. कित्येक कथा विचारपूर्वक उघड्या ठेवलेल्या नसतात. लेखकाची दमछाक झाली म्हणून त्या थांबतात. माझ्या एका कादंबरीत ‘क्लोजर’ नाही असे एका परीक्षकांनी लिहिले होते. त्यांनी ‘कादंबरी तडीस गेली नाही’ असे म्हटले असते तर मला पान पान काढून विचार करता आला असता. दार लावले नाही, असे म्हटल्यावर काय करावयाचे? काही घरांना दार उघडेच ठेवावे लागते. आत कोणीतरी वाट पाहत असते.

याबाबतीत साहित्यिकांपेक्षा इंजिनियर अधिक प्रामाणिक आहेत, असे मला वाटते. मालाडपासून दूर नसलेल्या गोराईला मुंबईच्या कचऱ्याचा मोठा डोंगर होता. २००७ साली तेथे कचरा टाकणे थांबले, आणि मग त्या ढिगाचे ‘शास्त्रीय क्लोजर’ झाले. ढीग सारखा केला, वर मातीचे आणि अस्तराचे थर दिले, हिरवळ लावली. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. आतला कचरा पुढे कित्येक वर्षे कुजत राहणार, त्यातून वायू निघत राहणार, हे त्यांना ठाऊक होते; म्हणून तो बाहेर काढण्यासाठी त्यांनी ढिगात नळ्या बसवल्या. झाकलेले संपलेले नसते, हे ज्यांना कळते त्यांनी खुशाल ‘क्लोजर’ म्हणावे. नळी न ठेवता वर हिरवळ लावणाऱ्यांविषयी मात्र मला भीती वाटते, मग ते कारखानदार असोत, सांत्वनाला आलेले पाहुणे असोत की कादंबरीकार.

तेव्हा परीक्षकांना आणि वाचकांनाही माझी विनंती आहे. पुढच्या वेळी पुस्तक मिटताना दोन साधे प्रश्न विचारा. हा शेवट झाला की लावला? आणि लावला असेल तर कोणाच्या सोयीसाठी? सुखान्त आहे की दुःखान्त, उघडा आहे की बंद, हे प्रश्न त्यानंतरचे. उचललेले ओझे लेखकाने मुक्कामापर्यंत नेले असेल तर मरणही सांगता ठरते, आणि नेले नसेल तर लग्नाच्या अक्षताही फळ्या लावण्यापुरत्याच उरतात. समीक्षेला एवढे दोन शब्द मराठीने तयार दिलेले आहेत. ते बाजूला ठेवून आपण उसनवारीने दारोदार का फिरावे?

या दिवाळीत फराळाला बसाल तेव्हा घरात एखादे माणूस असे असेल की ज्याचे काहीतरी सांगावयाचे राहून गेले आहे. गेलेल्या भावाची गोष्ट असेल, बंद पडलेल्या गिरणीची असेल, मोडलेल्या लग्नाची असेल. तुम्ही ती दहा वेळा ऐकलीही असेल. “पुरे आता, झालं गेलं,” असे म्हणू नका. चिवड्याची बशी त्यांच्यापुढे सरकवा आणि अकराव्यांदा ऐका.